गारठ्यात जागणारी काळी टिकली

मी एक जुनी काळी टिकली आहे. कपाळावरची नव्हे हो! सुरतच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या भट्टीत भाजलेली, रुपयाएवढी.

मित्रांनो, माझा जन्म १९९६चा. एम.एस्सी.ला शिकणाऱ्या केतकीनं यिट्रियम, बेरियम नि तांब्याच्या भुकट्या खलात घोटघोट घोटल्या, दाबून चकती केली, भाजली आणि ऑक्सिजन सोडत हळूहळू निववली. तो माझा श्वास. घाई केली असती, तर मी नुसती खापरी राहिले असते.

माझ्या अंगात तांबं आणि ऑक्सिजन यांच्या चटया थरावर थर अंथरल्या आहेत. श्वास पुरेसा भरला, की त्यांवर विजेच्या कणांना हलायला जागा होते. मग कडाक्याचा गारठा पडला, की एरवी एकमेकांना ढकलणारे ते कण जोडीजोडीनं जणू फुगडीच धरतात! वीज कुठे अडत नाही, आणि चुंबकाला मी अंगाला टेकू देत नाही. हेच माझं जागणं; शास्त्रात त्याला अतिसंवाहकता म्हणतात. जोड्या नेमक्या का जमतात, ते मोठमोठ्यांनाही पुरतं उमगलेलं नाही. मी आपली गुणगुणते,

माय माझी माती, तांबं माझा बाप,
गारठ्याच्या गावी निवे सारा ताप.

तो गारठा, म्हणजे द्रवरूप नायट्रोजन, डेअरीतून यायचा. जनावरांचं वीर्य त्यातच राखतात ना! सुरतच्याच गोडादऱ्यात राहणारे खानदेशी पांडुरंगभाऊ, प्रयोगशाळेचे शिपाई, सायकलवरून कॅन आणत. "डेअरीवाला इचारतो, कॉलेजात म्हैस बांधली का?" म्हणून हसत. पहिल्याच दिवशी चिमुकलं लोहचुंबक माझ्यावर अधांतरी तरंगलं. केतकीनं टाळी वाजवली.

मग दसरा आला. पांडुरंगभाऊंनी सगळी उपकरणं पुजली. मलाही न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, ओल्या झेंडूखाली निजवलं. पण पाणी माझं वैरी. सुट्टी संपली, तेव्हा अंगावर पांढरा पापुद्रा धरला होता. नायट्रोजनात बुडवलं, तरी चुंबक माझ्यावर पडूनच राहिलं.

परीक्षक आठवड्यावर आलेले, नवी भुकटी संपलेली. मी जागले नाही, तर केतकीचं वर्ष जाणार.

"पाणी कुणी घातलं हिला?" केतकी ओरडली.

"ताई, मी हाई काय करी बसनू! तुझी टिकली म्हणून तिलाच पहिलं कुंकू लावलं गं."

केतकीला रडू आलं आणि हसूही. "आता पुसू नका भाऊ, अजून बिघडेल. खल आणा."

मी पुन्हा पीठ झाले. पुन्हा आग. पुन्हा सावकाश, सावकाश श्वास. भट्टीचं बटण कुणी बंद करू नये म्हणून पांडुरंगभाऊ दाराशीच बसले. चहासुद्धा तिथंच.

परीक्षकांसमोर माझ्यावर नायट्रोजन ओतला, तशी धुक्यासारखी वाफ उसळली. केतकीनं चिमट्यानं चुंबक आणलं, सोडलं. ते थरथरलं... आणि हवेतच राहिलं! परीक्षकांनी बोटानं हळूच ढकललं. ते गिरकी घेत राहिलं, स्वप्नात नाचल्यासारखं. केतकीचं वर्ष वाचलं. दारातून पांडुरंगभाऊ पुटपुटले, "जागी झाली माय!"

आता मी बाटलीत पडून असते. वर्षानुवर्षं कुणी गारठा दाखवत नाही. राग मुळीच नाही. मित्रांनो, माया करा, भरभरून करा. पण ज्याच्यावर करायची त्याला काय सोसतं, ते आधी जाणून घ्या. आणि कधी मला भेटायला आलात, तर तेवढे हात कोरडे करून या.