वाकड्या पट्ट्या

मिस्त्रींना बाथरूमपर्यंत एकट्यानं जायचं होतं. बस्स, एवढंच. पलंगापासून दारापर्यंत जेमतेम नऊ पावलं. पण दोन वर्षांपूर्वी कंपवात अंगात शिरला, तेव्हापासून चौथ्या पावलाला पाय जे फरशीला चिकटायचे ते चिकटायचेच. डोकं म्हणायचं चल, पाय ढिम्म. मग मुलगा किंवा सून दंडाला धरून आत न्यायची, आणि त्यापुढचं आठवायलाही मिस्त्रींना नको वाटे. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवणाऱ्या माणसाच्या नाडीची गाठ आता सुनेनं सोडायची! त्यात सोमवारपासून अंघोळ घालायला एक परका माणूस येणार होता. त्याआधी शुक्रवारी फिजिओथेरपिस्टच्या तपासणीत बाबा एकटे गेले तर त्या माणसाला नको म्हणून सांगू, एवढं मुलानं कबूल केलं होतं.

फिजिओथेरपिस्ट बाई वयानं लहान, पण कामाला खमकी होती. पहिल्याच दिवशी तिनं घरातल्यांना समोर बसवून सांगितलं, "काका चालायला विसरलेले नाहीत. आपलं चालणं आपोआप होतं ना, ते आपोआप होणं बंद पडलंय. डोळ्यांसमोर ओलांडण्यासारखं काहीतरी ठेवायचं, मग पाय उचलतो." असं म्हणून तिनं पिशवीतून लाल चिकटपट्टी काढली, टराटरा फाडली आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीवर नऊ आडव्या पट्ट्या चिकटवून मोकळी झाली. दोन मिनिटांत काम फत्ते.

मिस्त्रींनी खाली पाहिलं आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. पहिली पट्टी भिंतीशी काटकोनात नव्हती. दुसरी फरशीच्या सांध्यापाशी सुरू होऊन शेवटाला दोन बोटं भरकटली होती. चौथी तर अशी तिरकी की लावणाऱ्याचा हात धरून विचारावं, बाई, डोळे कुठे होते? अंतरंही मन मानेल तशी. असलं काम त्यांच्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत उखडायला बसवलं असतं.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. नजर पट्टीवर गेली की ती ओलांडायचं सोडून मिस्त्रींचं डोकं तिला सरळ करत बसे. डोकं तिकडे गुंतलं की पाय जागच्या जागी. पूर्वी चौथ्या पावलाला अडकणारा माणूस आता दुसऱ्यालाच अडकू लागला.

"वाकडी..." ते पुटपुटले.

"काका, चालताना बोलायचं नाही," बाई लगेच म्हणाली. "एका वेळी एकच काम. फक्त चाला."

तिचं म्हणणं या आजारापुरतं शंभर टक्के खरं होतं, म्हणून तर मिस्त्रींना अजून संताप येई. मग बसल्यावर सांगू म्हणावं, तर आवाजही आजारानं खाल्लेला. मनातलं वाक्य ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा आणि घरात कुणाला वेळ नव्हता. ते खुर्चीत टेकून कसंबसं "पट्ट्या..." म्हणत, तेवढ्यात मुलगा खांद्यावर थोपटून म्हणे, "हो हो, पट्ट्या ओलांडायच्या. जमेल बाबा, हळूहळू." आणि ऑफिसची बॅग उचलून निघून जाई. सुनेला सांगायला जावं तर ती पाणी आणून देई. चिडले तरी चेहऱ्यावर काही उमटत नसे. चेहरा गिलावा केलेल्या भिंतीसारखा कोरा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा मजेत आहे.

असे अकरा दिवस गेले. अकरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ सराव, आणि रोज दुसऱ्या पट्टीवर गाडी बंद. गुरुवारी बाई दारात चपला घालता घालता मुलाला हळूच म्हणाली, "सगळ्यांनाच पट्ट्या लागू पडतात असं नाही. सोमवारी तो माणूस येऊच द्या." हळूच म्हणजे मिस्त्रींना स्वच्छ ऐकू जाईल इतपतच. कान शाबूत होते त्यांचे! रात्रभर त्यांच्या अंगाची लाही होत राहिली.

शुक्रवारी सकाळी मुलगा कामावर गेला. गोळी घेऊन तासभर झाला की मिस्त्रींचं अंग जरा सैल होई. तो मुहूर्त आणि सुनेचं कपडे वाळत घालायला गच्चीवर जाणं एकाच वेळी जुळून आलं. मिस्त्री पलंगाचा पाय धरून एक गुडघा टेकत, मग दुसरा टेकत खाली उतरले. शिवणाच्या डब्यातला दोरा त्यांनी आधीच खिशात घातला होता. भिंतीच्या कडेनं दोरा ताणला, त्याच्यावरून काटकोन धरला आणि पहिली पट्टी नखानं उचकटली.

नुसता मांडीवर पडला की थरथरणारा हात कामाला लागल्यावर बराच शांत होई, हे एव्हाना त्यांना ठाऊक झालं होतं. दोन विती आणि चार बोटं, असं आपल्या पावलाचं अंतर धरून त्यांनी सांध्याला सांधा जुळवत पट्ट्या बसवल्या. नववी त्यांनी बाथरूमच्या उंबऱ्याच्या आत लावली, कारण सगळ्यात जास्त ते दारातच अडकत. बाईनं ती बाहेरच लावली होती. ती दाबून बसवताना त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

नेमकी तेव्हाच सून खाली आली. सासरे बाथरूमच्या दारात जमिनीवर आडवे! तिनं किंकाळी फोडली. मिस्त्री "नाही... पडलो नाही..." म्हणेपर्यंत तिचा मुलाला फोन लागलासुद्धा. मुलगा धापा टाकत घरी आला आणि आल्या आल्या ओरडला, "सोमवार कशाला? उद्यापासूनच बोलावतो त्या माणसाला!" मिस्त्रींनी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा त्याचं बोलणं आधी सुरू झालं.

चारला बाई आली. मुलानं तक्रारींचा पाढा वाचला. पडले, पट्ट्याही उखडल्या, आता पुरे. बाई मात्र जमिनीकडे बघत राहिली. मग खाली बसून तिनं एका पट्टीवरून बोट फिरवलं आणि शरमून विचारलं, "माझ्या वाकड्या होत्या. काका, या तुम्ही लावल्या?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

"कुणी बोलू नका," ती घरातल्यांना म्हणाली. "चला काका."

मिस्त्री उठले. पहिली पट्टी. दुसरी, जिथे अकरा दिवस अब्रू गेली. चौथी. डोक्याला सरळ करायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते मुकाट्यानं पायांकडे लक्ष देत होतं. सातवी, आठवी, उंबरा, आणि नववीवर पाय पडला तेव्हा ते आत होते. दंडाला कुणाचाही हात नव्हता.

मुलगा दारापाशी धावला. "अहो बाबा, पट्ट्या वाकड्या होत्या, तर आधी सांगायचं ना!"

मिस्त्री थांबले. तोंड दाराकडे करायला त्यांना सात छोटी पावलं लागली. मुलगा कान पुढे करून उभा होता, ते काय म्हणतात ते ऐकायला. आता त्याला कसलीच घाई नव्हती.

मिस्त्रींनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि दार लावून घेतलं.