एका मिरचीला किती उन्हं

खोल्या भाड्याने मिळतात. गच्ची मिळत नाही.

म्हणजे मिळते, पण ती शालनबाईंच्या मर्जीने. भोसरीतल्या त्यांच्या इमारतीत वाईपासून बार्शीपर्यंत कुठकुठची बिऱ्हाडं राहतात. पुरुष माणसं कंपनीत जातात, आणि चैत्र लागला की प्रत्येक घरातून एक परात जिना चढायला लागते.

मागच्या वर्षी कुणाच्या तरी तिखटाची पूड इंदुताईंच्या कुरडयांवर उडाली. जिन्यात पेटलेलं भांडण पार रस्त्यावर गेलं. तेव्हाच शालनबाईंचा मुलगा जयदीप म्हणाला, "आई, आता परत गच्चीवरून भांडण झालं ना, तर वर पत्रा टाकणार आणि खोल्या काढणार. भाडेकरू रांगेत उभे आहेत."

शालनबाईंना पत्रा नको होता. शेत गेलं, गोठा गेला, विहीर बुजवून तिच्यावर ही इमारत झाली. डोक्यावर उघडं आभाळ असलेली त्यांची जागा म्हणाल तर हीच, एवढीच.

म्हणून नियम. एका पदार्थाला तीन उन्हं. कुरडयांची तीन उन्हं चालू असताना पापडाने वर यायचं नाही. "नाव सांगा, उन्हं घ्या," शालनबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुपारी निवांत झोपल्या.

•

सांडगी मिरची. तीन उन्हं. वाईच्या सुमनताई.

कुटाची मिरची. तीन उन्हं. बार्शीच्या इंदुताई.

ताकातली मिरची. दोन उन्हं झाली, तिसरं चालू. सिन्नरच्या मंजुळाबाई.

आणि तिसऱ्या उन्हात शालनबाई सहज वर आल्या, परातीपाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. चिरलेली, मसाला भरलेली, वाळत आलेली हिरवी मिरची. गेल्या आठवड्यात हीच होती. त्याच्या आधीही हीच होती.

"मंजुळे, ही सांडगीच हाय की गं!"

"नाही हो मावशी. ताकातली आहे."

"आन् कुटाची?"

"ती इंदुताईंची. आमच्यात तसं नाही म्हणत."

मंजुळाबाईंच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. त्यांच्याकडे खरंच तसं नाही म्हणत. शालनबाईंना राग आला, पण तो ठेवायचा कुणावर? नियम तर त्यांचाच.

•

इथं गोष्ट सुखाने संपली असती. पण जिन्यातून आणखी एक परात वर आली. परातीमागे पूनम, खालच्या मजल्यावरची, माहेर चिपळूणचं.

"मावशी, माझी सांडगी मिरची. दोन दिवस दह्यात आहे, आज ऊन नाही लागलं तर बुरशी धरेल."

"सांडगीची उन्हं सरली गं."

"ती सुमनताईंची."

"नाव एकच ना?"

सुमनताई कठड्याला टेकून नुसत्या बघत होत्या. इंदुताईंनी मात्र पूनमला कोपराने ढोसलं. "अगं, दुसरं काही सांग. भरली म्हण, दह्यातली म्हण. मावशी नाव बघतात, मिरची कुठं बघतात?"

"नाव कशाला बदलू? माझी आई सांडगी म्हणते. उन्हासाठी खोटं बोलू?"

"म्हणजे आम्ही खोटं बोललो?" मंजुळाबाई उसळल्या.

"मी तुमचं नाव घेतलं?"

"घ्यायचं काय राहिलं आता!"

"ए, कोकणची शहाणी, आवाज खाली!" आता इंदुताईही तापल्या.

"तुमचा आधी करा!"

खाली जयदीपची बुलेट धडधडत थांबली. त्याच्यामागे बसून पत्रेवाला आला होता, माप घ्यायला. भांडण आज ना उद्या होणारच, हा जयदीपचा हिशेब.

•

तीन मजले. जयदीप जाडजूड माणूस. शालनबाईंना तेवढा वेळ पुरणार होता.

त्यांनी पूनमच्या परातीतली एक ओली मिरची उचलली आणि तोंडात टाकली. मेथी, हिंग, आंबट दही. मग तिसऱ्याच मजल्यावरच्या सुमनताई-इंदुताईंना खाली पिटाळून दोघींच्या डब्यातली एकेक मागवली. सुमनताईंच्या मिरचीत धणे, तीळ. मेथीचा पत्ता नाही. दोघी सांडगीच म्हणतात, आणि चवीला एकीचा दुसरीशी संबंध नाही! इंदुताईंच्या कुटाच्या मिरचीत शेंगदाणे, आणि मंजुळाबाईंच्या ताकातलीत नुसतं मीठ नि जिरं. शालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, पण डोकं लख्ख झालं.

"ऐका," त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या. "सरली ती सुमनची उन्हं. पूनमची कशी सरतील? म्या नावाला ऊन देत व्हते, चुकलं. आजपासनं ऊन बाईला. जिची परात तिची तीन उन्हं, मग तिला काय बी म्हणा. मंजुळे, सरक तिकडं. पूनम, ठेव हितं."

"आणि तिखट उडालं तर?" इंदुताई.

"तिखटावर धोतर झाका. मला इचारायचं काय त्यात?"

परात टेकली, एक मिरची बाहेर घरंगळली. जयदीप दारातून गच्चीवर आला.

"काय चाललंय? आवाज पार खालपर्यंत येतोय."

"मिरच्या चाखत व्हतो," शालनबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

जयदीपने सगळ्यांकडे पाहिलं. इंदुताई आभाळ बघत होत्या. मंजुळाबाईंना अचानक परात नीट करायची होती. पूनम तेवढी सरळ बघत होती, गाल अजून लाल.

"वहिनी, तुम्ही सांगा. भांडण झालं ना?"

शालनबाई पूनमकडे बघत राहिल्या. उन्हासाठी मिरचीचं नाव न बदलणारी ही बाई. पत्रेवाल्याने टेपचं टोक ओढून बाहेर काढलं.

"झालं की," पूनम म्हणाली. "चांगलं कडाक्याचं झालं. आणि तुम्ही जिना चढेपर्यंत मावशींनी मिटवलंसुद्धा. आता नवीन हवं असेल, तर भाऊ, तुमच्या चपलेखाली माझी मिरची आलीय, ती आधी बघा."

जयदीपने दचकून पाय उचलला. दुसरा ठेवायला जागा शोधली. डावीकडे मंजुळाबाईंची परात, उजवीकडे सुमनताई कमरेवर हात ठेवून. त्याने एका पायावर कसंबसं वळण घेतलं आणि उंबऱ्याच्या आत गेला.

"माप नंतर घेऊ," तो पत्रेवाल्याला म्हणाला.

"नंतर म्हंजे कवा?" शालनबाईंनी विचारलं. "हिच्या मागं कुरडया हायेत. कुरडयांमागं पापड. पापडामागं कैरीच्या फोडी."

"आई, मी काही बोललो का?"

"न्हाई बोललास. तेच म्हणते."

दोघांच्या चपला जिन्यावरून खाली वाजत गेल्या. पूनमने चिरडलेली मिरची उचलून बाजूला ठेवली आणि बाकीच्या एकेक करून उताण्या पसरायला बसली. शालनबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"मेथी जरा जास्तच घातलीस."

"आमच्याकडे एवढीच घालतात."

"घालत्यात तर घाल," शालनबाई म्हणाल्या, आणि आणखी एक मिरची उचलली.