मॅनेजरचा कोंडा

आमच्या ह्यांना माणसाचं डोकं बघितलं की त्याची सगळी कुंडली कळते, असं ह्यांचं स्वतःचं मत आहे. सलून ह्यांचं, शेजारची बायकांची खुर्ची माझी, मधे नुसता पडदा. त्यामुळे ह्यांची मतं मला दिवसभर फुकटात ऐकायला मिळतात. केसांत बोटं घालून हे बेधडक सांगतात, "झोप कमी पडतेय तुमची." गिऱ्हाईक बिचारं गळ्याला कापड बांधून बसलेलं, नाही म्हणणार कसं?

अशा माणसाच्या हाती पोपट लागला. ह्यांचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतले निवृत्त कॅशियर. ते मुलीकडे कायमचे राहायला निघाले आणि आपला राखाडी, लाल शेपटीचा परदेशी पोपट आमच्याकडे सोपवून गेले. पोपटाचं नाव मॅनेजर. नोकरीभर मॅनेजरची बोलणी खाल्ली, तेव्हा निदान एक तरी मॅनेजर आपल्या पिंजऱ्यात असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. सलूनचं दार उघडलं रे उघडलं की पोपट खणखणीत ओरडायचा, "इथे सही करा!" लेक सासरी गेल्यापासून घर मुकं झालं होतं. ह्यांचा तर त्या पोपटावर जीवच जडला.

दुसऱ्याच दिवशी पिंजऱ्याखाली पांढरी भुकटी दिसली. मॅनेजर डोकं सारखं गजांवर घासत होता. ह्यांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि निकाल दिला.

"कोंडा."

"अहो, पाखराला कसला कोंडा?"

"डोकं ते डोकं. तू तुझं पडद्यापलीकडचं बघ."

मी कपाळावर हात मारला. ह्यांनी मॅनेजरला टॉवेलात गुंडाळलं आणि आपलं ठेवणीतलं तेल काढलं. डोकं झालं, मान झाली, हात लागलाच आहे तर पाठही झाली. मॅनेजरने अंगठ्याचा लचका तोडला. "पहिल्या वेळी सगळेच रडतात," म्हणत ह्यांनी काम पुरं केलं. तो चापूनचोपून बसवलेला पोपट लग्नाला निघालेल्या मामासारखा दिसत होता. मला हसू आवरेना.

मग तो फुगायला लागला. पिसं फुलवून गोल गरगरीत होऊन बसायचा. "बघ, बाळसं धरलं," हे म्हणाले. मलाही ते पटलं. आम्ही जवळ गेलो की तो ताठ व्हायचा, दाणा उचलायचा. तो दाणा चोचीत घोळवून खाली टाकतोय, हे काही आमच्या लक्षात आलं नाही. दार उघडलं तरी तो सही मागेनासा झाला. "रुळला," हे म्हणाले.

त्याचं बिंग फोडलं आरशाने. हे पिंजऱ्याकडे पाठ करून एकाची दाढी करत होते. आरशात सहज नजर गेली, तर मॅनेजर डोळे मिटून ढेपाळलेला. श्वासागणिक शेपटी वरखाली होत होती. हे वळले, तर स्वारी ताठ! पुन्हा पाठ केली, की पुन्हा ढेपाळलेला.

"अगं, इकडे ये," ह्यांचा आवाज फाटला. "हा आपल्याला फसवतोय. आजारी आहे हा."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची गाडी बाहेरच उभी होती. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्या भल्या माणसाने आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

पक्ष्यांची डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची, पण तोंड माझ्यासारखं फटकळ.

"हे तेल कुणी लावलं?"

ह्यांनी चावलेला अंगठा मुठीत लपवला. एरवी मी नाव सांगून मोकळी झाले असते, पण ह्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"काका, भुकटी ह्या जातीच्या पोपटांना असतेच. तो कोंडा नाही. तेलाने पिसं चिकटली, अंगात ऊब राहीना, म्हणून तो फुगून बसत होता. तो थंडीने मरायला टेकलाय. आणि पिसं साफ करताना तेल पोटात गेलं असेल ते वेगळंच."

"पण आमच्यासमोर तर ठीक असायचा," मी म्हटलं.

"नाटक करतात. रानात दुबळा दिसला की संपलाच."

"वाचेल ना?" ह्यांनी विचारलं.

"ठेवून जा. आत्ता काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सलून उघडलं नाही. नुसते खुर्चीत बसून राहिले. तिकडे मॅनेजरला कोमट पाण्यात साबणाने पुन्हा पुन्हा धुतलं, उबेच्या पेटीत ठेवलं. तो जगला. घरी आणताना डॉक्टरने बजावलं, "डोक्यावर नवी पिसं फुटताहेत, त्याची खाज आहे. तिथे त्याची चोच पोचत नाही. ते काम जोडीदार करतो. इथे जोडीदार तुम्हीच. पण त्याने आपणहून मान खाली घालून डोक्यावरची पिसं फुलवली, तरच हात लावायचा."

मॅनेजर माझ्या हातून सफरचंद खाऊ लागला. गिऱ्हाइकांकडून सह्या मागू लागला. हे जवळ गेले मात्र, की पिसं अंगाला चिकटवून कोपऱ्यात सरकायचा, डोळ्यांतल्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या व्हायच्या. हे गुपचूप मागे यायचे. एक पाय पोटाशी घेऊन तो निवांत चोच कुरकुरवत बसला की ह्यांना तेवढंच समाधान. काम नसलं की हात पाठीमागे बांधून लांब स्टुलावर बसायचे. कोंड्याचा शब्द नाही, कुणाच्या झोपेची चौकशी नाही. मला ह्यांची दया आली. खरं सांगते, मॅनेजरचा रागही आला.

एका सकाळी पलीकडून कात्रीचा आवाज थांबला. मी पडदा सारला. मॅनेजर गजांना चिकटून उभा होता, ह्यांच्या बाजूला. त्याने मान खाली घातली आणि डोक्यावरची पिसं फुलवली.

ह्यांनी कात्री ठेवली. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. "तूच कर," मला म्हणाले.

"त्याने मला नाही बोलावलं."

एवढी डोकी हाताळलेला माणूस, पण एकच बोट हळूच गजांतून पुढे केलं. ते त्या पिसांत शिरलं आणि मॅनेजरने डोळे मिटले. ह्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण दुसरा हातही आता तिथेच होता.

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे अर्धेच केस कापून झाले होते. तो आरशातून माझ्याकडे बघायला लागला.

"जरा दम धरा," मी म्हटलं. "आधी ह्यांचं होऊ द्या."