कोण थांबलंय ते आधी सांगा

उन्हाळा संपता संपता नाना खुर्चीत बसल्या बसल्या आमच्यापासून लांब जायला लागले. खुर्ची जागची हलत नव्हती, नानाही हलत नव्हते, पण मधली खोली रोज थोडी लांबायची आणि माझे वडील कायम तिच्या पलीकडच्या टोकाला असायचे. नुसतं बघून काही कळायचं नाही. दुपारी त्यांना जेवायला बोलवायला गेलं की सकाळपेक्षा जास्त पावलं पडायची, एवढंच. वेग एकसमान होता. निदान त्यावर तरी नाना खूश असणार, कारण शिकवताना त्यांना एकसमान वेगच आवडायचा. त्वरणाचं प्रकरण ते दरवर्षी घाईघाईत उरकायचे.

खोलीला लागणारी जागा स्वयंपाकघरातून जात होती. हे आईच्या आधी मी ओळखलं. पहिल्यांदा फळीवरच्या बरण्या एकमेकींना चिकटल्या, मग फ्रिजचं दार पूर्ण उघडेना. पुढे पुढे आई ओट्यापाशी उभी असली की मला खिडकीत चढून बसावं लागायचं. शेजारचे मुजावरकाका येऊन भिंतीवरून हात फिरवून गेले.

"ओल नाही कुठं," ते म्हणाले. "मग काळजी करू नका."

आई दिवसभर ही वाट तुडवायची. आधी ती कपबशी घेऊन जायची, मग थर्मास आला, मग पायात चपला आल्या. घरात चपला घालण्यावरून जिने मला लहानपणी धपाटे घातले, ती आता खांद्याला पिशवी अडकवून घरातल्या घरात निघायची. नानांपाशी बोलत उभी राहिली की तेवढ्यात परतीची वाट वाढायची, म्हणून बोलणंही आखडतं घ्यावं लागायचं. परत आली की ओट्याला टेकून गुडघे चोळायची. जिथून निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य, हे नानांनीच आम्हाला शिकवलेलं. गुडघे विस्थापन मोजत नाहीत, ते अंतर मोजतात. मला तिची फार कीव यायची, नानांचा राग यायचा, आणि राग आला म्हणून रडूही यायचं.

नानांचा वेग तेवढाच राहणार होता आणि आईचा कमी होत चालला होता. एक दिवस ती गेली की दिवेलागणीपर्यंत परतू शकणार नाही, हे समजायला कागद-पेन लागत नव्हतं. तीही ते ओळखून होती.

"वृंदे, एकदा त्यांना इथं आपल्यात आणून जेवायला बसव," ती म्हणाली. "बाकी काही नको मला."

याच मधल्या खोलीत नानांची शिकवणी चालायची. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास. गणित कुठलंही असो, नदीतल्या होडीचं असो नाहीतर दोन सायकलवाल्यांचं, खडू उचलण्याआधी नाना विचारायचे, "कोण थांबलंय ते आधी सांगा." मग कुणीतरी उभं राहून, हात मागे बांधून मोठ्याने सांगायचं, "काठ थांबलाय, सर." की काठ थांबायचा. त्यानंतरच होडीला निघायची परवानगी. कधी नाना एखाद्याच्या खांद्यावर हात टाकून त्याच्याबरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचे.

"तुझ्या दृष्टीने माझा वेग किती?"

"शून्य, सर."

"शून्य ना?" आई आतून म्हणायची. "मग एवढे घामाघूम कशानं झालात?"

सगळी सतरंजी खिदळायची आणि सगळ्यांत जास्त नाना हसायचे. ते हसू पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी काहीही केलं असतं.

एका सकाळी आई थर्मास भरत होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके दिवस आम्ही या गणिताला सुरुवातच केलेली नाही. मी उंबऱ्यावर उभी राहिले, हात मागे बांधले आणि मोठ्याने सांगितलं, "नाना थांबलेत, सर."

नाना थांबले. खोली लांबायची बंद झाली. तिकडे लांब त्यांनी मान वर केल्याचं मला दिसलं. आईने थर्मास बाजूला ठेवला आणि मांडणीवरून तीन ताटं काढली. इतक्या आनंदात तिला मी किती तरी दिवसांनी बघत होते.

मग खिडकीबाहेरचं पेरूचं झाड सरकलं. त्याच्या मागून मुजावरकाकांचं फाटक आलं. फाटकाशी काका उभे होते.

"निघालात?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले, आणि ते मागे पडले.

एकाला थांबवलं की दुसरा चालायला लागतो, दोघांमधला वेग काही मिटत नाही. ही चूक शिकवणीत पहिल्या आठवड्यात सगळ्यांकडून व्हायची, आणि सरांच्या मुलीकडून दरवर्षी नव्याने.

"उत्तर बरोबर आहे," नाना तिकडून म्हणाले. आवाज चांगला खणखणीत होता. "फक्त चिन्ह बदललं."

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"ते थांबलेत. आता आपण चाललोय."

आई ताटांकडे बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला, पदर खोचला, थर्मास पिशवीत टाकला आणि उंबरा ओलांडून मधल्या खोलीत उतरली. तिथे तिने हात मागे बांधले. जन्मभर तिने आतून शिकवणी ऐकली होती, पण उत्तर द्यायला ती पहिल्यांदाच उभी राहिली.

"अहो, मी पण थांबलेय," ती म्हणाली.

"शाब्बास," नाना म्हणाले.

मीही थांबलेय असं म्हणणार होते, पण कुणीतरी चालायला हवं होतं. सगळेच थांबले तर गणितच उरत नाही. स्वयंपाकघर एव्हाना माझ्या खांद्यांना दोन्हीकडून लागत होतं, आणि उंबरा आईपासून दूर निघाला होता. ती मात्र सावकाश चालत होती. आता तिची वाट वाढत नव्हती. गुडघे दुखले की ती मध्येच उभी राहायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. पोचली तेव्हा नाना उठले आणि आपली खुर्ची त्यांनी तिला दिली.

मग दोघं माझ्याकडे वळले. नाना हात हलवत होते. आईने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, क्षणभर मला शोधलं, आणि मी दिसेनाशी व्हायच्या आत घाईघाईने ओरडली,

"पोचलीस की कळव गं!"