चौथा ठोका

पंचवटीतले बँडवाले सावळीराम मास्तर. त्यांनी उभ्या आयुष्यात जीव ओवाळून टाकावा अशी एकच चाल बांधली. नागपंचमीला बायको, शकुबाई, फुगडी घालत होती. बांगड्या किणकिणत होत्या, पदर गरगरत होता, आणि मास्तरांच्या क्लॅरोनेटमधून तीन ठोक्यांची फिरती चाल आपसूक निघाली.

वरातीत मात्र ती कधी धड वाजली नाही. तीन ठोके झाले, की ढोलवाला भिका पदरचा चौथा घालायचा. "काय करू मास्तर? तिनावर थांबलं की जिन्याची पायरी चुकल्यावानी वाटतं." वरातीलाही चौथाच हवा असे, त्याशिवाय हात वर जात नसत. शकुबाई गेली, तशी त्या चालीवर घेतलेली गिरकी मास्तरांना पुन्हा दिसली नाही.

मग दिंडोरीच्या एका वायनरीने 'व्हिएन्नाची संध्याकाळ' ठरवली. व्हिएन्नाचे वादक परवडेनात, म्हणून पंचवटीचे आणले. टोप्या तेवढ्या नव्या दिल्या.

मॅनेजर तेजल माइकवर सांगत होती, "दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका संगीतकाराने खेडुतांचा फिरता नाच उचलून महालात नेला. त्याचाच झाला तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ. केवढी ही प्रतिभा!"

मास्तरांनी भिकाला दटावलं, "आज तीनच. चौथा मारलास तर चालत घरी ये." आणि आपलीच चाल धरली.

जोड्या फिरू लागल्या. झग्यांनी घेर धरला, अगदी शकुच्या पदरासारखा. मास्तरांचे डोळे भरून आले. चाल संपल्यावर त्यांनी माइक मागून घेतला.

"ही चाल माझीये. फुगडीवरून बांधलीये."

टाळ्या थबकल्या.

"अय्या, फुगडी!" कोणीतरी फिसकन हसलं.

"तरीच पाय अडकत होते," एक सूटवाले म्हणाले.

तेजल समजुतीने म्हणाली, "काका, लोककला छानच हो. पण आता व्हिएन्नाचं वाजवा ना, खरं."

मास्तरांनी मान डोलावली. मग तीच चाल पुन्हा सुरू केली.

"हं! फरक कळतो बघ," सूटवाले बायकोला गिरकी देत म्हणाले.

मास्तरांनी क्लॅरोनेट क्षणभर ओठांवरून काढलं. "भिका, मार."

"काय?"

"तुझा चौथा. मार."

ठोका पडला. गिरक्या विस्कटल्या, पायांत पाय आले. मग एक हात वर गेला, दुसरा गेला, रुमाल हवेत फिरले, आणि व्हिएन्नाची बघता बघता वरात झाली. सूटवाले तर खुर्चीवर चढले.

ढोल थांबल्यावर तेजल धापा टाकत आली. "काका, भन्नाट! हे कोणाचं?"

मास्तर क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवत होते.

"ह्याचं," ते म्हणाले, आणि त्यांनी भिकाकडे बोट केलं.