बुडालेला थेंब

त्या सकाळी अंजनगावजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर दोन-तीनशे माणूस एका काचेच्या पेल्याकडे डोळे लावून बसलं होतं. पेल्यात निळंशार पाणी, त्याला कापराचा वास, आणि पाटावर निळेबाबा. वर्षभर झालं, बाबांनी पारखल्याशिवाय गावातलं कोणी रक्त द्यायला जात नाही. बाबांनी माझ्या चुलत जावेचं, सिंधूवहिनीचं बोट टोचलं, थेंब पाण्यात सोडला. थेंब तरंगला.

"हलकं रक्त, पुण्याचं रक्त," बाबा म्हणाले. लोकांनी हात जोडले.

मग माझं बोट. माझा थेंब सरळ तळाशी गेला.

"जड हाये. सात पिढ्यांचं पाप वजनाले उतरलं. हे रक्त ज्याच्या अंगात जाईन, त्याचं तिसऱ्या दिवशी..." पुढचं बाबांनी सांगितलं नाही. न सांगण्यावरच त्यांचा धंदा चालतो.

ते रक्त जायचं होतं माझ्या सासूबाईंच्या, रुख्मिणीबाईंच्या अंगात. त्या अमरावतीच्या दवाखान्यात होत्या, माझा नवरा कुलदीप त्यांच्या उशाशी. गट बी निगेटिव्ह, रक्तपेढीत एकही पिशवी नाही, आणि गावात त्या गटाच्या सिंधूवहिनी आणि मी, दोघीच. दुपारी चारच्या आत कोणी रक्त दिलं तर तपासण्या होऊन सकाळी ऑपरेशन होईल; त्यापुढे थांबणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सिंधूवहिनीला गाडीत बसवून दिलं. मला पारामागच्या खोलीत, अकरा दिवस शुद्धीसाठी. बाहेरून कडी, फोन मामाजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, खुशालरावांकडे. कोणी हात उगारला नाही. उलट चहा आणून दिला, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

कॉलेजच्या शिबिरात मी दोनदा रक्त दिलं होतं. तिथेही असंच निळं पाणी असायचं आणि थेंब बुडाला की नर्सताई म्हणायच्या, "या, झोपा." हे मी पारावरच सांगितलं होतं, पण सुनेचं ऐकतंय कोण? दार बडवलं तर बाहेरच्या बायका म्हणाल्या, "पाप निघून राहिलं तिचं." गप्प बसले तर म्हणाल्या, "पाप दबलं." कसंही वागले तरी मी त्यांच्याच हिशेबात बसत होते.

साडेबाराला खिडकीच्या गजांशी मामाजी आले. खुशालराव म्हटलं की गावात माणूस सरळ उभा राहतो, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"कुलदीपचा फोन होता. सिंधूले परत पाठवलं. हिमोग्लोबिन नऊच हाये, साडेबारा पायजे म्हने. वजनबी बेचाळीस, पंचेचाळीस तरी लागते."

"मामाजी, बाबानं तीर्थ म्हणून दिलेली त्या निळ्या पाण्याची बाटली हाये ना खिशात? ती द्या. अन् एक लोखंडी खिळा."

"काहून?"

"द्या तर."

बाटलीत खिळा टाकला आणि विचारलं, "संत्र्याच्या झाडाले लावाले मोरचुदाचं निळं पाणी कालवता, तवा लोखंडाची बादली काहून घेत नाई?"

"तांबं चढते तिच्यावर. बादली खाऊन टाकते ते." तीस वर्षं संत्रा पिकवलेला माणूस, उत्तर द्यायला थांबला नाही. मग त्यांनी बाटलीत पाहिलं. खिळा तांबूस झाला होता.

मामाजींनी कडी काढली.

बाबा पारावरून ओरडले, "बाहेर आली तर रुख्मिणी वाचत नाई."

मामाजींनी बाटली त्यांच्यापुढे धरली. "तीर्थ हाये ना? एक घोट घ्या."

"हे पाहाचं तीर्थ असते, प्याचं नाई."

सगळा गाव संत्रावाला. खिळा हातोहात फिरला आणि कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

सव्वातीनला मी अमरावतीच्या रक्तपेढीत पोहोचले. वय अठराच्या वर, पासष्टच्या आत? जेवलात? ताप, कावीळ, औषधं? शेवटचं रक्त कधी दिलं? सगळं विचारून बोट टोचलं. हिमोग्लोबिन तेरा. तंत्रज्ञ सहदेवभाऊंनी सांगितलं, "मोरचुदाचं पाणी नेमक्या वजनाचं करतात. चांगलं रक्त त्याहून जड, म्हणून बुडतं. पातळ रक्त तरंगतं. तुमच्या बाबानं तपासणी आमचीच उचलली, निकाल तेवढा उलटा केला."

सासूबाईंचं ऑपरेशन सकाळी झालं. तिसरा दिवसही उलटला, त्या उठून बसल्या.

रक्त कोणाचं चालतं हे पाप-पुण्य ठरवत नाही. वय, वजन, हिमोग्लोबिन आणि आजार ठरवतात, आणि ते तपासायला पेढीत शिकलेली माणसं बसलेली आहेत. त्यांना विचारा. मी सुटले, कारण मला कोंडलंय हे मला दिसत तरी होतं. सिंधूवहिनीला मात्र अंगात रक्त कमी म्हणून दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा, तळहात पांढरे पडले होते. बाबांनी दर पुनवेला तिचा थेंब तरंगवला, बायका तिच्या पाया पडल्या, आणि वर्षभर तिला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही.