कानसबाईची लाल गाडी

मुलांनो, डोळे मिटा बरं क्षणभर. डोळे मिटल्यावर वाचणार कसं, असं विचारू नका, मनातले मिटा. तळहातावर मावेल एवढी एक मोटारगाडी समोर आणा. जुन्या काळची, उंच टपाची. आता तो टप कापून बुटका करा. इंजिनावरचं झाकण काढून टाका, म्हणजे आतलं यंत्र उघडं चमकेल. पुढची चाकं बारकी लावा, मागची जाडजूड. गाडी कशी, नाक खाली घालून दबा धरून बसल्यासारखी दिसली पाहिजे. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. दिसली ना? मग आता तिला सोडू नका.

ही गाडी एक मुलगी करत होती. तिच्या मामाचं जोडायच्या छोट्या गाड्यांचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या खोलीत लांब टेबलाभोवती सुटीत मुलं गाड्या जोडायला बसत. मुलगी नवीनच होती. किटमधल्या, म्हणजे गाडीच्या भागांच्या खोक्यातल्या, प्लास्टिकच्या चौकटीतून सुटा केलेला प्रत्येक तुकडा ती आधी कानशीनं घासून गुळगुळीत करायची, म्हणून तिचं नाव पडलं कानसबाई.

"कानसबाई, गाडी करतेयस की पीठ दळतेयस?" मामाचा मुलगा विचारायचा. तो सगळ्यांत मोठा, सगळ्यांचा दादा. बाकीची मुलं त्याच्याकडे बघून हसायची. तीही हसायची आणि घासत राहायची.

बारीक करवतीनं तिनं टपाचे चारही खांब कापले, टप खाली बसवला, सांध्यात फटी बुजवायची लांबी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासलं. मग लाल रंगाचे पातळ हात, एकावर एक. शेवटचा हात वाळल्यावर मामानं गाडी उजेडात धरली आणि चारही बाजूंनी फिरवून पाहिली.

"हिला पुढच्या खिडकीत ठेवू," तो शेवटी म्हणाला.

पुढची खिडकी म्हणजे रस्त्याकडची. रस्त्याच्या पलीकडे बसथांबा होता, आणि कानसबाईचे बाबा त्याच रस्त्यावर बस चालवत. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "खिडकीत तुझी गाडी दिसली ना, की मी हॉर्न देणार. मग उतारू ओरडले तरी चालेल." तिला दुसरं काही नको होतं. तेवढा एक हॉर्न हवा होता.

राहिली होती ती काच. टप बुटका झाल्यामुळे किटमधली पुढची काच बसेना. तिनं ती जराजरा कापत, पुन्हा पुन्हा लावून बघत बरोबर केली. काच एकच होती. चुकली असती तर दुसरी नव्हती.

"मामा, काच कशानं चिकटवू?"

मामा एका डबीचं हरवलेलं टोपण शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "दादाला विचार."

टेबलावरचे सगळे हात थांबले. तिला ते दिसलं, पण कळलं नाही. टेबलावर दोन गोंद होते: एक पांढरा, कागदाला लावतात तो, दुसरा बारक्या नळीतला, थेंब पडला की बोट बोटाला चिकटवणारा.

दादानं नळी तिच्या हातात दिली. "हा लाव. आणि गाडी डब्यात ठेवून झाकण घट्ट बंद कर, म्हणजे धूळ बसणार नाही. जेवून ये, मग उघड."

"थँक्यू, दादा," ती म्हणाली.

जेवून आली तेव्हा कोणीही जेवायला घरी गेलेलं नव्हतं. मामासुद्धा दारात उभा होता. तिनं झाकण उघडलं.

त्या नळीतल्या गोंदाची वाफ होते, मुलांनो, पांढऱ्याची होत नाही. बंद डब्यात ती कोंडते आणि जिथे बसते तिथे पांढरा थर धरते. काच दुधासारखी झाली होती. लाल रंगावर तिच्याच बोटांचे ठसे पांढरे उमटले होते. जिथे जिथे तिनं गाडी जपून धरली होती, तिथे तिथे.

"अगंबाई, गाडीला मोतीबिंदू!" दादा ओरडला, आणि टेबल हसून हसून हललं.

तिनं काच बाहेरून घासून पाहिली. थोडी उजळली. पण थर आतूनही होता, आणि आत बोट जात नव्हतं. टप तिनंच बुटका केला होता.

"तू मुद्दाम सांगितलंस," ती दादाला म्हणाली.

"मलाही मुद्दामच सांगितलं होतं. माझ्या बाबांनी, तुझ्या मामानं." दादानं टेबलाखालची फळी दाखवली. तिथे ओळीनं गाड्या होत्या, सगळ्यांच्या काचा पांढऱ्या. "ही माझी. ही त्याची. ती तिची."

मामा प्रेमानंच बोलला. "अगं, रडायचं नाही. इथं काच लावायला असंच शिकतात. पुन्हा आयुष्यात विसरणार नाहीस. पण बोललोय ना, खिडकीत ठेवू? ठेवूच." आणि त्यानं ती गाडी खरोखरच नेऊन खिडकीत ठेवली.

"मामा, नको ना. मामा!"

बस आली. थांब्यावर थांबली. बाबांनी मान वळवून पाहिलं. एवढ्या लांबून त्यांना फक्त लाल रंग दिसला असणार. त्यांनी लांबलचक हॉर्न दिला, मग आणखी एक, आणि अंगठा उंच केला. मागे दादा हसता हसता खुर्चीवरून घसरला. "आंधळ्या गाडीला सलामी!"

कानसबाईनं बाबांना हात हलवून दाखवला. बस दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिली. मग आत येऊन तिनं कानस पुसून जागेवर ठेवली. हसणारे थकून आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या सुटीत शेजारच्या शिंपीणकाकूंची धाकटी लेक यायला लागली. पुढचे दोन दात पडलेली, निळी गाडी करणारी. तिला सगळं कानसबाईसारखंच करायचं असायचं. बसायचीही तिच्याच शेजारी, खुर्ची अगदी चिकटवून. एके दिवशी तिनं दोन्ही हातांत काच धरून विचारलं, "ताई, ही कशानं चिकटवू गं?"

टेबलावरचे सगळे हात थांबले. दादानं भुवया उंचावल्या. मामा दारात येऊन उभा राहिला.

कानसबाईचा हात आधी पांढऱ्या गोंदाकडे गेला. तो उचललाही तिनं. मग तिनं दादाकडे पाहिलं, टेबलाखालच्या फळीकडे पाहिलं. खिडकीतून काढून तिथे ठेवलेल्या तिच्या लाल गाडीशेजारी एक जागा रिकामी होती.

तिनं पांढरा गोंद खाली ठेवला, बारकी नळी घेतली, टोपण स्वतः उघडून दिलं आणि म्हणाली, "हा लाव. आणि झाकण घट्ट बंद कर हं, धूळ बसेल."